रेपो दर, नॅसडॅक आणि आमचा हप्ता

४ मे २०२२ला सकाळी बातमी आली की दुपारी दोनला रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर बोलणार आहेत. व्याजदर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती, त्यामुळे हे मधेच काय, असं सगळ्यांना वाटलं. दोनला शक्तिकांत दास टीव्हीवर आले आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे उसने देते तो दर, ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केल्याचं त्यांनी सांगितलं. सेन्सेक्स त्या दिवशी तेराशे अंकांनी उतरला. त्याच रात्री आपल्या साडेअकराला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं, फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे फेडनं, तिकडचा दर अर्ध्या टक्क्यानं वाढवला.

आमच्या घराचे दोन्हीकडे पैसे अडकलेले होते. जेलरोडच्या फ्लॅटचं गृहकर्ज रेपो दराला बांधलेलं, आणि माझ्या नावावर अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारातल्या शंभर मोठ्या कंपन्यांच्या नॅसडॅक १०० या निर्देशांकाचा फंड, ज्यात ॲपल, मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, एनव्हिडियासारख्या कंपन्या. तिसरी बाजू सासऱ्यांची. ते नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून २०२०मध्ये निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातले पंधरा लाख त्यांनी पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. दर वाढले की कर्ज महागणार, फंड उतरणार आणि बाबांना मात्र जास्त व्याज मिळायला हवं. एकाच घरात या तीन गोष्टी एकाच वेळी कशा हलतात, ते मी पुढच्या तीन वर्षांत जवळून पाहिलं. शेअर बाजाराबद्दल बोलताना लोक यातली एकच बाजू धरून बोलतात, म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते. शेअर बाजारात माझं मन कधी फारसं नव्हतं. पण २०२०मध्ये परिस्थितीच अशी आली की बचत करणाऱ्या माणसाला दुसरीकडे बघावंच लागलं. मार्चमध्ये एका रविवारी फेडनं आपला दर जवळजवळ शून्यावर आणला. आपल्याकडे रेपो ५.१५वरून मार्चअखेर ४.४० आणि मे महिन्यात ४ टक्के झाला. मोठ्या बँकांच्या मुदत ठेवी साडेपाच टक्क्यांच्या आसपास आल्या आणि महागाई त्याच्या वर चालली होती. बाबांच्या योजनेचा दर १ एप्रिल २०२०ला ८.६वरून एकदम ७.४ झाला, आणि त्यांचं खातं त्यानंतरचं. निवृत्त माणसाला हा फरक फार लागतो. पंधरा लाखांवर वर्षाला अठरा हजार रुपये कमी.

तेव्हा सगळा शिक्षककक्ष डिमॅट खाती, म्हणजे शेअर ठेवायची खाती, काढायला लागला. देशात मार्च २०२०मध्ये चार कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, ती मार्च २०२२पर्यंत नऊ कोटींजवळ गेली. मी सुटे शेअर घेतले नाहीत. निर्देशांकाचा फंड निवडला आणि महिन्याला पाच हजारांची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरलेली गुंतवणूक, लावली. त्याच सुमारास राज्य सरकारनं मुद्रांक शुल्क कमी केलं होतं, ती सवलत मार्च २०२१पर्यंत होती. घराचा विचार बरेच दिवस चाललाच होता, तो २०२१च्या सुरुवातीला पूर्ण केला. तीस लाखांचं कर्ज, वीस वर्षं, ६.९ टक्के, हप्ता २३,०७९ रुपये. बँकेच्या कागदात हा दर कसा येतो तेही लिहिलं होतं: रेपो अधिक २.९. ती ओळ मी पेन्सिलनं अधोरेखित करून ठेवली होती.

२०२१ हे वर्ष उत्साहाचं गेलं. जुलैत झोमॅटोचा आयपीओ, म्हणजे शेअरची लोकांना पहिली विक्री, ७६ रुपयांना आला आणि पहिल्याच दिवशी भाव ११५च्या वर उघडला. पेटीएमचा शेअर २,१५० रुपयांना विकला गेला आणि १८ नोव्हेंबरला बाजारात आला, तेव्हा पहिल्याच दिवशी २७ टक्के खाली बंद झाला. आमच्या महाविद्यालयातल्या एका सरांनी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशांतून ते घेतले होते. त्या दिवशी ते तास घेऊन सरळ घरी गेले. दुसऱ्याच दिवशी, १९ नोव्हेंबरला, अमेरिकेत नॅसडॅक कंपोझिट, म्हणजे नॅसडॅकवरच्या जवळजवळ सगळ्या कंपन्यांचा निर्देशांक, त्या तेजीतल्या सर्वोच्च पातळीवर, सोळा हजारांच्या वर, बंद झाला. तिथून तो जो उतरायला लागला, तो २०२२ संपेपर्यंत.

सर मला विचारायचे, "मॅडम, कंपनी तीच, धंदा तोच, माणसं तीच. मग व्याजदराच्या नुसत्या चर्चेनं निम्मा भाव कसा जातो?" प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर बारावीच्या वाणिज्य शाखेच्या गणितात आहे, म्हणून मी त्यांना फळ्यावर करून दाखवलं.

एक कंपनी पुढच्या वर्षी १०० रुपये मिळवून देणार आहे आणि दुसरी दहा वर्षांनी १०० रुपये देणार आहे. व्याजदर २ टक्के असेल तर पहिल्या शंभराची आजची किंमत ९८ रुपये आणि दुसऱ्याची ८२. आता दर ५ टक्के करा. पहिल्याची किंमत ९५ होते, म्हणजे तीन टक्क्यांची घट. दुसरीची किंमत ६१ होते, म्हणजे पाव भाग गेला. दोन्ही कंपन्यांच्या धंद्यात एका पैशाचाही बदल झालेला नाही. ज्या कंपन्यांचा नफा आज थोडा आणि दहा-पंधरा वर्षांनी भरपूर असं सगळे धरून चाललेले असतात, त्यांचा भाव व्याजदराला सगळ्यात जास्त घाबरतो. नव्या तंत्रज्ञान कंपन्या बहुतेक याच जातीच्या. शेजारी उत्तम चालणारी, दरवर्षी लाभांश देणारी जुनी कंपनी असेल तर तिला तेवढा धक्का बसत नाही.

फळा पुसताना सर म्हणाले, हे कोणी आधी का सांगितलं नाही. मला त्यांच्याबद्दल फार वाईट वाटलं. आयपीओच्या जाहिरातीत ॲपचं चित्र असतं, ग्राहकांची संख्या असते, पण हे गणित तिथे नसतं, आणि ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला ते सांगायला हवं, असं मला आजही ठामपणे वाटतं.

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्याकडे तिचा गोंधळ फार होतो. टीसीएस, इन्फोसिस या आपल्या आयटी कंपन्या आणि नॅसडॅकवरच्या तंत्रज्ञान कंपन्या यांचं दुखणं वेगळं. आपल्या कंपन्या आज काम करतात आणि आज पैसे घेतात. दहा वर्षांनंतरच्या नफ्यावर त्या उभ्या नाहीत. त्यांना भीती असते ती गिऱ्हाइकाची: अमेरिकेतल्या बँका आणि दुकानदारी कंपन्यांनी व्याज वाढल्यावर खर्च आखडला तर नवी कामं कमी येतात. २०२२मध्ये निफ्टी आयटी निर्देशांक सुमारे २६ टक्के पडला, त्याच वर्षी निफ्टी ५० मात्र चार टक्क्यांनी वर राहिला. पडझड दोन्हीकडे झाली, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

फेब्रुवारी २०२२मध्ये माझ्या फंडानं पैसे घेणं बंद केलं. यात अमेरिकेच्या व्याजदराचा काही संबंध नव्हता. भारतातल्या सगळ्या म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती गुंतवायचं याची ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, आणि ती भरत आली होती. अनेक फंडांनी दारं लावून घेतली. अमेरिकेतले भाव उतरत होते, म्हणजे दरमहा घेणाऱ्याला जास्त युनिटं मिळण्याचे दिवस होते, आणि नेमकं तेव्हा घेता येत नव्हतं. ज्यांच्याकडे डिमॅट होतं ते नॅसडॅकचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा विकत मिळणारा फंड, बाजारातून घेत होते, पण नवी युनिटं तयार होत नसल्यानं त्यांना खऱ्या मूल्यापेक्षा जास्त पैसे मोजावे लागत होते. मी ते केलं नाही. शंभराची वस्तू एकशेआठला घ्यायची आणि मर्यादा उठल्यावर ती पुन्हा शंभराची व्हायची, हा हिशोब मला पटत नव्हता. माझे पाच हजार महिन्याच्या पाच तारखेनंतरही खात्यात पडून राहायला लागले. त्यांना पुढे वेगळंच काम लागलं.

मे ते डिसेंबर या काळात मी फेडच्या बहुतेक बैठका जागून पाहिल्या. उन्हाळ्यात निर्णय आपल्या रात्री साडेअकराला येतो, नोव्हेंबरनंतर साडेबाराला, आणि अर्ध्या तासानं फेडचे तेव्हाचे अध्यक्ष जेरोम पॉवेल पत्रकारांसमोर यायचे. वर्षाला अशा आठ बैठका. कागदावरचा निर्णय बहुधा आधीच सगळ्यांना ठाऊक असतो, बाजार हलायचा तो पॉवेलांच्या एखाद्या वाक्यानं. ४ मेच्या रात्री तेच झालं. पाऊण टक्क्याच्या वाढीचा आम्ही सध्या विचार करत नाही, असं ते म्हणाले आणि नॅसडॅक तीन टक्क्यांनी वर गेला. दुसऱ्या दिवशी तोच नॅसडॅक पाच टक्क्यांनी पडला. आणि सहा आठवड्यांनी, १५ जूनला, फेडनं पाऊण टक्काच वाढवला. मग जुलैत पाऊण, सप्टेंबरमध्ये पाऊण, नोव्हेंबरमध्ये पाऊण.

मे महिन्यातलं ते वाक्य ऐकून ज्यांनी खरेदी केली त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. पॉवेल काही खोटं बोलले नव्हते. जूनमध्ये महागाईचे आकडे अपेक्षेपेक्षा वाईट आले आणि त्यांना मन बदलावं लागलं. जूनची महागाई पुढे ९.१ टक्के निघाली, चाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. म्हणजे ज्याच्या हातात दर आहे त्यालाही सहा आठवड्यांनी तो काय करणार हे माहीत नव्हतं. मग नाशिकरोडला बसून मी ते ओळखावं आणि त्यावर फंड विकावा किंवा घ्यावा, ही अपेक्षाच गैर होती. त्या रात्रीनंतर मी फेडच्या बैठका पाहिल्या त्या समजून घेण्यासाठी. फंडाच्या बाबतीत त्यावरून काही करायचं नाही, हे पक्कं झालं.

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी, पॉवेल अमेरिकेतल्या जॅक्सन होल इथे दरवर्षी होणाऱ्या मध्यवर्ती बँकांच्या परिषदेत बोलले. जेमतेम आठ-नऊ मिनिटांचं भाषण. महागाई आटोक्यात आणण्यासाठी कुटुंबांना आणि उद्योगांना काही त्रास सोसावा लागेल, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. नॅसडॅक त्या दिवशी जवळजवळ चार टक्के पडला. माझा धाकटा भाऊ सिॲटलजवळ असतो, तंत्रज्ञान कंपनीत. त्याच्या पगाराचा मोठा भाग कंपनीच्या शेअरमध्ये मिळतो. शनिवारी सकाळी त्याचा फोन आला.

"ताई, माझा पगार न कापता कापला गेलाय गं," तो म्हणाला.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो घराच्या हप्त्याचा. किती वाढला?

"हप्ता? तो कसा वाढेल? तीस वर्षांचा ठरलेला आहे."

मला हे नीट समजून घ्यायला थोडा वेळ लागला. त्यानं २०२१मध्ये कर्ज घेतलं होतं, तीन टक्क्यांच्या आत, आणि तो दर शेवटपर्यंत तोच. तिकडे बहुतेक गृहकर्जं अशीच असतात. फेडनं दर कितीही वाढवले तरी ज्याचं जुनं कर्ज आहे त्याच्या स्वयंपाकघरापर्यंत ते पोहोचत नाहीत. त्याचे हाल दुसरीकडे होते: शेअर पडलेले, कंपन्यांत नोकरकपातीची चर्चा, आणि घर बदलायचं म्हटलं तर नवं कर्ज साडेपाच टक्क्यांच्या वर. पण महिन्याचा हप्ता सुरक्षित. आपल्याकडे उलट. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०१९पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधायला लावली. त्याआधी दर कमी झाले तरी बँका कर्जदाराला फायदा द्यायला टाळाटाळ करत, म्हणून ते चांगलंच झालं. पण चढाच्या काळात हाच नियम थेट आपल्या दारात येतो. अमेरिकन गुंतवणूकदार फेडकडे बघतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शेअर असतात. मराठी मध्यमवर्गीय माणसानं रिझर्व्ह बँकेकडे बघताना आधी कर्ज बघायला हवं. तो फोन ठेवला आणि मी कर्जाचे कागद काढले.

बँकेकडून हप्ता वाढल्याचं काही कळलं नव्हतं, म्हणून नवरा निश्चिंत होता. हप्ता खरंच वाढला नव्हता. बँकेनं मुदत वाढवली होती. किती, ते कुठेच ठळक लिहिलेलं नव्हतं. ॲपमध्ये खात्याचा तपशील उघडून, आत जाऊन, उरलेले महिने बघावे लागत होते. मी स्वतः हिशोब मांडला. कर्ज सुरू झालं तेव्हा हप्त्यातले साडेसतरा हजारांच्या आत व्याजाला जात आणि पावणेसहा हजारांच्या वर मुद्दलाला. रेपो जूनमध्ये ४.९० झाला, कर्जाचा दर ७.८. हप्ता तोच ठेवला तर मुदत तीन वर्षांच्या वर लांबत होती. ऑगस्टमध्ये रेपो ५.४०, कर्ज ८.३, मुदत जवळजवळ सहा वर्षांनी लांब. ३० सप्टेंबरला रेपो ५.९०, कर्ज ८.८, आणि मुदत दहा वर्षांनी लांब. पहिल्या ०.९ टक्क्यानं मुदत तीन वर्षं वाढली, त्यानंतर प्रत्येक वेळी दर अर्धा टक्काच वाढतोय, पण मुदत आणखी तीन, मग आणखी चार वर्षं वाढतेय. हप्त्यातला व्याजाचा वाटा हप्त्याच्या जवळ सरकायला लागला की मुद्दलाकडे जाणारी रक्कम आटत जाते आणि मुदत सुसाट पळते. मी तो आलेख काढून फ्रीजवर लावला.

त्यातच पुढचा बिंदूही मांडला. रेपो ६.५० झाला, म्हणजे कर्ज ९.४ झालं, तर? उरलेलं मुद्दल २८ लाख ९० हजारांच्या आसपास. त्यावर एका महिन्याचं व्याज २२,६०० रुपयांच्या वर. हप्ता २३,०७९. मुद्दलाला पाचशे रुपयेसुद्धा नाहीत. कर्ज फिटायला बेचाळीस वर्षं. नवरा तेव्हा पंचेचाळिशीचा. तो आलेखासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आपण हप्ता भरतोय की भाडं?"

बँक अर्थातच बेचाळीस वर्षं देत नाही, कधीतरी ती हप्ता वाढवतेच. पण तोवर जे महिने जातात त्यांचं व्याज आपल्याच खिशातून जातं. आम्ही वाट पाहिली नाही. ऑक्टोबरमध्ये शाखेत जाऊन हप्ता २८,००० करायचा अर्ज दिला. शाखेतल्या मुलीला हे नवीन होतं. हप्ता वाढवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक येत नाही म्हणाली, आणि संगणकावर तो पर्याय सापडेना. दोन-तीन चकरा झाल्या, एका वरिष्ठ साहेबांनी लक्ष घातलं, मग काम झालं. २८,००० हा आकडा मी ९.४ टक्के धरून काढला होता, म्हणजे दर तिथपर्यंत गेला तरी मूळ वीस वर्षांतच कर्ज फिटेल. आणि वाढीव जवळजवळ पाच हजार आले कुठून, तर बंद पडलेल्या एसआयपीतून. फेब्रुवारीपासून जे पैसे नॅसडॅककडे जायचे थांबले होते ते कर्जाकडे वळले. फेब्रुवारी २०२३मध्ये रेपो खरोखरच ६.५०वर गेला आणि पुढे दोन वर्षं तिथेच राहिला.

या हप्त्यावरून घरात आणखी एक चर्चा झाली आणि ती मी टाळणार नाही, कारण अनेक घरांत ती झाली असेल. नवऱ्याचं म्हणणं होतं, फंड विकून टाकू आणि ते पैसे मुद्दलात भरू. बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे मार्ग मोकळा होता. ९.४ टक्के व्याज वाचवणं म्हणजे ९.४ टक्के हमखास मिळवणं, हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं. नव्या पैशांसाठी मीही तेच केलं होतं. पण हातातला फंड विकायला माझा विरोध होता. नॅसडॅक १०० त्या वर्षी डॉलरमध्ये ३३ टक्के पडला. रुपया मात्र वर्षाच्या सुरुवातीला ७४च्या आसपास होता तो वर्षअखेर ८२च्या पुढे गेला, त्यामुळे रुपयातली घट पाव भागाच्या आसपास राहिली. फेडनं दर वाढवले म्हणून शेअर पडले आणि फेडनं दर वाढवले म्हणूनच डॉलर चढला. एकाचा मार दुसऱ्यानं थोडा भरून काढला. शिवाय माझा पैसा दरमहा थोडाथोडा गेलेला, बराचसा चढाच्या आधीचा. घातलेल्या रकमेपेक्षा फंड थोडासाच खाली होता. दर वाढल्याचा धक्का भावात आधीच बसून झालेला असताना विकायचं, हे मला पटेना. शेवटी फंडाला हात लावायचा नाही असं ठरलं.

२०२३नं मला जे दाखवलं ते कोणत्याच तज्ज्ञानं आधी सांगितलेलं नव्हतं. फेड त्या वर्षीही दर वाढवतच होती: फेब्रुवारी, मार्च, मे, जुलै, शेवटी ५.२५ ते ५.५०. माझ्या फळ्यावरच्या गणितानं तंत्रज्ञान कंपन्या आणखी पडायला हव्या होत्या. नॅसडॅक १०० त्या वर्षी सुमारे ५४ टक्के वाढला. गणित चुकीचं नव्हतं. त्याच्या दोन बाजू असतात, आणि आम्ही सगळे एकीकडेच बघत होतो. भागाकारात खाली व्याजदर असतो, वर मिळकत असते. मे महिन्यात एनव्हिडियानं पुढच्या तिमाहीत ११ अब्ज डॉलरची विक्री होईल असं जाहीर केलं. विश्लेषक सात अब्जांच्या थोडं वर धरून चालले होते. शेअर एका दिवसात २४ टक्के चढला. वरची संख्याच बदलली. आणि दर अजून थोडे वाढतील हे तोवर सगळ्यांनी धरलेलंच होतं, त्यामुळे खालच्या संख्येत नवीन काही उरलं नव्हतं. "व्याज वाढलं, टेक विका" हे वाक्य २०२२मध्ये खरं ठरलं आणि २०२३मध्ये ते पाळणाऱ्यांचं मोठं नुकसान झालं. मला ज्या लोकांची काळजी वाटते ते हे, कारण त्यांनी दोन्ही वेळा ऐकलं आणि दोन्ही वेळा उशिरा ऐकलं.

बाबांचं काम मात्र त्याच वर्षी झालं आणि त्यात मला सगळ्यात जास्त समाधान मिळालं. ज्येष्ठ नागरिक योजनेत खातं उघडताना जो दर असतो तोच पाच वर्षं राहतो. बाबा ७.४वर अडकले होते. एप्रिल २०२३मध्ये नव्या खात्यांचा दर ८.२ झाला आणि मर्यादाही पंधरा लाखांवरून तीस लाख झाली. बाबा म्हणाले, "आपलं नशीब. आपण वाईट वेळेला ठेवले." मी म्हटलं, बाबा, थांबा, हिशोब करू. दोन वर्षं पूर्ण झाल्यावर खातं मोडलं तर एक टक्का कापतात, म्हणजे पंधरा हजार. ७.४नं तिमाहीला २७,७५० रुपये येत होते, ८.२नं ३०,७५० येतील. तिमाहीला तीन हजार जास्त. पाच तिमाहीत कापलेले पैसे वसूल, आणि जुन्या खात्याची दोन वर्षांहून जास्त मुदत अजून शिल्लक होती. शिवाय नवं खातं पुढची पाच वर्षं ८.२ देणार, दर मधे उतरले तरी.

बाबांनी आयुष्यभर नोटा छापल्या, पण एक टक्का दंड भरून खातं मोडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं. त्यांनी तो कागद दोन दिवस खिशात ठेवला. मग आम्ही दोघं पोस्टात गेलो. जुनं खातं बंद करण्याचा फॉर्म, पासबुक, नव्याचा फॉर्म, आधार, पॅन, फोटो, नामनिर्देशन. खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, या महिन्यात अशी खाती मोडून पुन्हा उघडायला बरेच लोक येताहेत. ते ऐकल्यावर बाबांचा चेहरा मोकळा झाला.

ऑगस्ट २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना आदेश दिला की दर बदलला तर कर्जदाराला हप्ता आणि मुदत यांवर काय परिणाम होतो ते कळवायचं, आणि हप्ता वाढवायचा की मुदत हे त्याला निवडू द्यायचं. शिक्षककक्षात मी तो आदेश वाचून दाखवला. ज्यांची कर्जं होती त्या सगळ्यांनी त्याच दुपारी ॲप उघडून उरलेले महिने पाहिले. कोणाचे एकशेऐंशीचे तीनशे झालेले, कोणाचे त्याहून जास्त. त्यातल्या बऱ्याच जणांना चार-पाच तंत्रज्ञान शेअरचे रोजचे भाव तोंडपाठ होते.

७ फेब्रुवारी २०२५ला रेपो जवळजवळ पाच वर्षांनी पहिल्यांदा कमी झाला. एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये एकदम अर्धा टक्का उतरून ५.५०, आणि डिसेंबरमध्ये ५.२५. आमचा कर्जदर ९.४वरून ८.१५वर आला. आता हप्ता कमी करून घ्या, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. आम्ही तो २८,०००च ठेवला. चढाला मुदत जशी सुसाट पळत होती, तशीच उताराला ती आटते: आत्ताच्या दरानं कर्ज मूळ मुदतीच्या सुमारे अडीच वर्षं आधी फिटेल. फंडाची एसआयपी दोन हजारांनी पुन्हा सुरू केली आहे. मर्यादेमुळे परदेशी फंडांची दारं मधूनमधून लागतात आणि उघडतात, त्याकडे मी लक्ष ठेवून असते. फेडच्या बैठकांना मात्र आता जागत नाही, सकाळच्या चहाबरोबर बातमी वाचते.

बाबांचं खातं २०२८च्या एप्रिलपर्यंत ८.२ देणार आहे. तेव्हा दर काय असेल ते तेव्हा. जुना पंधरा हजारांचा दंड २०२४मध्येच वसूल झाला, आणि त्या तिमाहीचं व्याज जमा झालं तेव्हा बाबांनी पासबुकात त्या ओळीसमोर स्वतःच्या हातानं बरोबरची खूण केली.